कोरड्या टेकड्या खरोखर सावरल्या का? मोजणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या आसपासच्या उघड्या टेकड्यांवर, घाटीगावकडच्या माळांवर आणि चंबळच्या बीहडांत, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळींत, कुंपण घालणे, समतल चर खणणे, रोपे लावणे, गवताचे बी पेरणे अशी कामे अनेक मंडळे आणि गावे करीत आहेत. ग्वाल्हेरच्या लष्कर आणि मुरार या भागांतल्या मराठी मंडळींकडून, तसेच महाराष्ट्रात अशीच कामे करणाऱ्या परिचितांकडून, या कामाच्या मोजमापाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय एकमेकांत गुंततो, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. ग्वाल्हेरला पाऊस जवळजवळ पुण्याइतका पडतो. मग या भागाला शुष्क का म्हणायचे?

शुष्कता नुसत्या पावसावरून ठरत नाही. वर्षभराच्या पावसाला, जमिनीतून आणि पानांवाटे उडून जाऊ शकणाऱ्या पाण्याने भागले आणि उत्तर 0.65 पेक्षा कमी आले, तर तो प्रदेश शुष्क भूमीत धरला जातो. ग्वाल्हेरचा बहुतेक पाऊस जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत पडून जातो, मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि उरलेले आठ-नऊ महिने जमीन साठलेल्या ओलाव्यावर काढते. याच हिशेबाने पुण्याच्या पूर्वेकडचा दुष्काळी पट्टाही शुष्कच ठरतो. मोजणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की अशा प्रदेशातली हिरवळ दर वर्षीच्या पावसाबरोबर वरखाली होते आणि त्यामुळे कामाचा परिणाम ओळखणे अवघड जाते (प्रश्न 9).

2. किती रोपे लावली आणि किती जगली, एवढे सांगितले तर पुरे नाही का?

पुरे नाही, आणि तो आकडासुद्धा बहुतेक वेळा नीट काढलेला नसतो. समजा 2022 च्या पावसाळ्यात 1,000 रोपे लावली, पुढच्या वर्षी मेलेल्यांच्या जागी 300 नवी लावली, आणि 2024 च्या अखेरीस 700 जिवंत आहेत. अहवालात 70 टक्के छापले जाते. त्या 700 पैकी 480 मूळची आणि 220 नंतरची असतील, तर पहिल्या लागवडीतली 48 टक्के, दुसऱ्या लागवडीतली सुमारे 73 टक्के आणि एकूण 1,300 रोपांपैकी सुमारे 54 टक्केच जगली आहेत. शिवाय नंतरच्या 220 रोपांनी एक उन्हाळा कमी सोसला आहे. म्हणून प्रत्येक वर्षाच्या लागवडीला वेगळ्या रंगाची खूण करावी आणि हिशेब वेगळा ठेवावा.

याहून मोठी उणीव अशी की या आकड्यात न लावलेल्या कशाचीच गणना होत नाही. जुन्या खोडाला फुटलेले धुमारे, आपोआप उगवलेला खैर, परत आलेले बहुवर्षायू गवत, दगडाच्या आडोशाला साठलेला पालापाचोळा, हे सारे बाहेर राहते. कोरड्या टेकडीवर सावरण्याची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते.

3. काम सुरू करण्यापूर्वी काय नोंदवून ठेवावे?

पहिला खड्डा खणण्याआधी निदान एका पावसाळ्याअखेरची नोंद हाती असावी: गवताचे आणि मोकळ्या मातीचे प्रमाण, झाडा-झुडपांच्या जाती आणि संख्या, ठरावीक जागांवरून काढलेली छायाचित्रे, आणि किती जनावरे कोणत्या वाटेने चरायला येतात याची विचारपूस. आमच्या पहिल्या टेकडीवर उत्साहाच्या भरात ही नोंद राहून गेली आणि ती उणीव पुढे कधीच पूर्ण भरून निघाली नाही. आज त्या टेकडीवर गुडघाभर गवत आहे, पण आधी किती होते हे आठवणीवरच सांगावे लागते, आणि प्रत्येकाची आठवण वेगळी आहे.

काम आधीच सुरू झाले असेल, तर जुन्या उपग्रह चित्रांचा थोडा आधार मिळतो. लँडसॅट मालिकेची 30 मीटर तपशिलाची चित्रे 1980 च्या दशकापासूनची आहेत आणि 2008 पासून ती सर्वांना विनामूल्य मिळतात. त्यांवरून हिरवळीचा अंदाज येतो. जाती कोणत्या होत्या हे कळत नाही.

4. तुलनेचा तुकडा म्हणजे काय आणि तो कसा निवडावा?

जेथे आपण काहीच केलेले नाही, पण बाकी सर्व बाबतींत जो आपल्या जागेसारखा आहे, असा जवळचा तुकडा. उताराची दिशा आणि तीव्रता, मातीची खोली, खडकाचा प्रकार आणि पूर्वीचा वापर या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. उत्तरेकडचा उतार पुनरुज्जीवनासाठी घेतला आणि दक्षिणेकडचा तुलनेसाठी ठेवला, तर ओलाव्याचा निसर्गतःच असलेला फरक आपल्या श्रमांच्या नावावर जमा होतो. तुकडा काम सुरू होण्याआधी निवडावा. काम झाल्यावर निवडायला गेले की नजर नकळत सर्वांत उजाड जागेवर जाते.

याखेरीज एक आदर्श तुकडाही हाताशी असावा. देवस्थानाभोवती राखलेली किंवा शिवपुरीच्या बाजूला टिकून राहिलेली करधई आणि धावडा या देशी झाडांची जुनी राई पाहिली, म्हणजे येथली जमीन काय पेलू शकते हे समजते. सह्याद्रीतली गर्द झाडी येथे आदर्श म्हणून धरू नये.

5. प्रत्यक्ष जमिनीवर मोजायचे कसे? आमच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकलेले कोणी नाही.

गवत आणि मोकळी जमीन मोजण्याची सर्वांत भरवशाची आणि स्वस्त रीत म्हणजे रेषेवरच्या बिंदूंची मोजणी. पन्नास मीटरची मोजपट्टी जमिनीलगत ताणून दोन्ही टोकांना बांधायची. दर अर्ध्या मीटरवर बारीक, टोकदार सळई सरळ खाली सोडायची आणि ती प्रथम कशाला टेकली ते लिहायचे: गवत, झुडूप, पालापाचोळा, दगड किंवा उघडी माती. असे शंभर बिंदू होतात, त्यामुळे प्रत्येक बिंदू म्हणजे एक टक्का. एका रेषेवर 34 वेळा गवत, 11 वेळा झुडूप, 15 वेळा दगड आणि 40 वेळा उघडी माती लागली, तर तेच त्या रेषेचे आच्छादन. सळई सोडताना खाली पाहू नये. पाहिले की हात आपोआप हिरव्या पात्याकडे वळतो. नव्या स्वयंसेवकांच्या नोंदींत हा कल हमखास दिसतो.

जातींच्या गणनेसाठी चौकटी आखाव्यात: गवतासाठी एक मीटर बाजूची, झुडपांसाठी पाच मीटरची, झाडांसाठी दहा मीटरची. झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर घ्यावा. एखादी जात ओळखता आली नाही तर तिला तात्पुरता क्रमांक द्यावा, फूल किंवा तुऱ्यासह नमुना वर्तमानपत्रात दाबून ठेवावा आणि नंतर जाणकाराला दाखवावा. गावातल्या गुराख्यांना गवतांची नावे आणि जनावरांची आवड दोन्ही ठाऊक असतात. त्यांना सोबत घेतल्याने आमच्या निम्म्या अडचणी सुटल्या.

करधईच्या बाबतीत मात्र नुसती संख्या फसवते. शेळ्यांनी वर्षानुवर्षे खाल्लेली करधई जमिनीलगत, उशीसारखी दाट आणि गुडघ्याखालीच राहते. तिची मुळे वरच्या झुडपाच्या मानाने पुष्कळ जुनी असू शकतात. चराई थांबली की अशा झुडपाच्या मधोमध एखादा-दुसरा धुमारा सरळ वर निघतो आणि काही पावसाळ्यांत शेळीच्या तोंडाच्या वर जातो. चौकटीतल्या करधईची संख्या आधीही बारा आणि नंतरही बाराच राहते, आणि तरी सर्वांत मोठा बदल नेमका तेथेच झालेला असतो. म्हणून काही झुडपांना पत्र्याच्या खुणा बांधून त्यांच्या सर्वांत उंच धुमाऱ्याची उंची दर वर्षी मोजावी.

6. किती रेषा किंवा चौकटी पुरतात?

हे जागा किती विषम आहे यावर अवलंबून आहे. आधी दहा रेषा मोजून आच्छादनाची सरासरी आणि प्रमाणविचलन, म्हणजे रेषांचे आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचे माप, काढावे. प्रमाणविचलन 12 टक्के आले आणि सरासरी अधिक-उणे 4 टक्क्यांच्या आत हवी असेल, तर 12 ला दोनाने गुणून 4 ने भागावे आणि उत्तराचा वर्ग करावा: 36 रेषा. एवढे मनुष्यबळ नसेल तर अधिक-उणे 6 टक्क्यांवर समाधान मानावे, म्हणजे 16 रेषा पुरतील. जागा चिठ्ठी टाकून किंवा नकाशावरच्या जाळीवरून ठरवाव्यात, वाटेजवळ सोयीच्या म्हणून घेऊ नयेत.

7. मोजणी कोणत्या महिन्यात करावी?

गवतासाठी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य. तेव्हा तुरे आलेले असतात, ओळख पटते आणि कापणी-चराई पूर्ण झालेली नसते. लावलेल्या रोपांची गणना जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर करावी, कारण उन्हाळा काढला की नाही हाच खरा प्रश्न असतो; मात्र पाने झडलेले रोप मेलेले समजू नये, खोडाची साल नखाने किंचित खरवडून आत हिरवेपणा आहे का ते पाहावे. महिना एकदा ठरला की तो बदलू नये. ऑगस्टची एक नोंद आणि डिसेंबरची दुसरी यांची तुलना निरर्थक आहे.

8. उपग्रहाच्या चित्रात आमची टेकडी हिरवी दिसते. याचा अर्थ ती सावरली असा घ्यावा का?

तो एक चांगला संकेत आहे, पुरावा नव्हे. बहुतेक नकाशे एनडीव्हीआय या निर्देशांकावर आधारलेले असतात. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परतवते. या दोन परावर्तनांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की उणे 1 ते अधिक 1 यांमधला आकडा मिळतो. विरळ वनस्पती असलेल्या जागी मातीचा रंग या आकड्यात मिसळतो, म्हणून ह्यूट यांनी 1988 साली मातीसाठी दुरुस्त केलेला सॅव्ही हा निर्देशांक सुचवला. आपल्या उघड्या टेकड्यांसाठी तो अधिक योग्य आहे.

तपशिलाचाही विचार करावा. सेंटिनेल-2 उपग्रहाचा एक ठिपका 10 मीटर बाजूचा असतो, म्हणजे एका हेक्टरात 100 ठिपके बसतात. लँडसॅटचे जेमतेम अकरा बसतात, तर मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचा 250 मीटरचा एकच ठिपका सव्वासहा हेक्टर व्यापतो, म्हणून दोन-तीन हेक्टरांच्या कामासाठी मोडिसचा उपयोग नाही. कुंपणावर पडणारे ठिपके अर्धे आतले आणि अर्धे बाहेरचे असतात, म्हणून काठाची एक रांग सोडून द्यावी.

आणि हिरवे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उपग्रह सोडवत नाही. आमच्या एका उतारावर चर खणल्यानंतरच्या पहिल्याच ऑगस्टमध्ये निर्देशांक झपाट्याने वाढला. प्रत्यक्ष जाऊन पाहिले तेव्हा चरांच्या उकरलेल्या मातीवर कंबरभर टाकळा माजला होता. त्याला जनावर तोंड लावत नाही, ऑक्टोबरनंतर तो वाळून जातो आणि खालची माती पुन्हा उघडी पडते. ऋतूंचा उपयोग करून काही भेद करता येतात: नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गवत पिवळे पडलेले आणि अनेक झाडे अजून पानांवर असतात, त्यामुळे तेव्हाची हिरवळ मुख्यतः झाडा-झुडपांची असते. मे महिन्यात ओसाड टेकडीवर दिसणारा हिरवा ठिपका पुष्कळदा वेड्या बाभळीचा निघतो (प्रश्न 10).

9. यंदा पाऊस उत्तम झाला. मग सुधारणा पावसाची की आमच्या कामाची, हे कसे ओळखायचे?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो मंडळांनी स्वतःहून विचारला पाहिजे. छोट्या कामासाठी सर्वांत साधे उत्तर तुलनेच्या तुकड्यात आहे (प्रश्न 4), कारण त्याच्यावरही तोच पाऊस पडलेला असतो. समजा कामाच्या जागेवर गवताचे आच्छादन तीन वर्षांत 18 वरून 41 टक्क्यांवर गेले आणि शेजारच्या तुकड्यावर 16 वरून 29 वर. आपल्या जागेची वाढ 23 टक्के-बिंदू आहे, पण त्यातले 13 काही न करताही मिळाले असते. कामाच्या नावावर 10 जमा करावेत. अहवालात 23 लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण पुढे एखाद्या अवर्षणात आच्छादन घसरले की तोच हिशेब अंगावर येतो. उलट दुष्काळी वर्षी आपली जागा 5 बिंदूंनी घसरली आणि शेजारची 14 ने, तर ती घसरणसुद्धा यशाची नोंद आहे.

मोठ्या क्षेत्रासाठी आणि दीर्घ मालिकेसाठी दोन रीती प्रचलित आहेत. ले हुएरू यांनी 1984 साली पावसाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे किती वनस्पतिभार (वनस्पतींचे वजन) तयार झाला हे गुणोत्तर वापरात आणले. ते सोपे आहे, परंतु अतिशय कोरड्या किंवा अतिशय ओल्या वर्षी दिशाभूल करते. दुसऱ्या रीतीत अनेक वर्षांच्या पाऊस आणि हिरवळ यांच्या नोंदींतून पावसानुसार अपेक्षित हिरवळ काढतात आणि प्रत्यक्ष हिरवळ तिच्यापेक्षा वर्षागणिक किती वर किंवा खाली गेली याचा कल पाहतात. त्यासाठी निदान दहा-पंधरा वर्षांची मालिका लागते. चार वर्षांच्या आकड्यांवरून असा कल काढू नये.

आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्याचे उदाहरण येथे उपयोगी आहे. 1970 आणि 1980 च्या दशकांतल्या भीषण दुष्काळांनंतर तेथे उपग्रहांना हिरवळ वाढलेली दिसली आणि तिचा बराच भाग परतलेल्या पावसाचा होता. पण नायजरच्या दक्षिण भागात, माराडी आणि झिंदरच्या परिसरात, शेतकऱ्यांनी शेतातल्या जुन्या खुंटांचे धुमारे राखले आणि सुमारे 50 लाख हेक्टरांवर झाडे वाढली. पाऊस आणि माणसाचे काम अशी दोन्ही कारणे एकाच नकाशात मिसळलेली होती, आणि ती वेगळी काढायला जमिनीवर जावेच लागले.

10. वेडी बाभूळ पसरली आहे. तिला पुनरुज्जीवनात धरायचे की नाही?

आच्छादनात धरावी, देशी वनस्पतींच्या सावरण्यात धरू नये, आणि दोन्ही आकडे वेगळे छापावेत. ही विलायती बाभूळ भारतात 1877 च्या सुमारास आली आणि 1980 च्या दशकात चंबळच्या बीहडांवर विमानातून तिचे बी पेरले गेले. तिने घळींची माती काही प्रमाणात धरली आणि असंख्य घरांच्या चुली चालवल्या, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु तिच्या दाट जाळीखाली गवत फारसे उरत नाही आणि देशी रोपांना जागा मिळत नाही. बीहडांतला अहवाल तिला वगळून एकदा आणि धरून एकदा वाचला, तर चित्र किती बदलते ते लगेच कळते.

11. गवत भरपूर वाढले, पण गुराखी म्हणतात की चारा वाढला नाही. कोण बरोबर?

बहुधा दोघेही. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 साली देशातल्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार पाडले. मध्य भारताचे पठार त्यांतल्या शेडा आणि मारवेल या गवतांच्या प्रकारात येते. अतिचराईने ही चांगली गवते मागे हटतात, त्यांची जागा कुसळी घेते, आणि आणखी ऱ्हास झाला की अरिस्टिडाच्या जातींचे विरळ, काटक, कुसळांचे गवत उरते. सावरताना साधारण हाच क्रम उलटा चालतो. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांत जे वाढते ते बहुतेक कुसळी किंवा वर्षायू गवत असते, जे कुसळे धरली की जनावराच्या तोंडात टोचते.

आच्छादन 20 चे 40 टक्के झाले, एवढ्यावर थांबू नये. त्या चाळीसपैकी बहुवर्षायू किती आणि शेडा-मारवेल किती हे लिहावे. सगळे आच्छादन 40 वर स्थिर राहून मारवेलचा वाटा 2 वरून 12 वर गेला असेल, तर माझ्या मते ते वर्ष आधीच्या साऱ्या वर्षांपेक्षा चांगले आहे.

12. आमच्या माळावर झाडे वाढलीच नाहीत. हे अपयश समजावे का?

माळ मुळात माळच असेल तर नाही. घाटीगावचे सोनचिरैया अभयारण्य आपल्या जिल्ह्यातच आहे. मराठीत आपण ज्याला माळढोक म्हणतो त्या पक्ष्यासाठी ते राखले गेले, आणि माळढोकाला मोकळे गवताळ रान लागते, गर्दी करून उभी असलेली झाडे नव्हे. अशा ठिकाणी झाडांची संख्या वाढणे ही हानीची खूण असू शकते. जागेचा मूळ स्वभाव ठरवूनच मोजपट्टी निवडावी: माळावर बहुवर्षायू गवत, उघड्या मातीचे घटते प्रमाण आणि गवतातल्या जातींची विविधता; टेकडीच्या उतारावर करधई-धावड्याची उंची आणि नैसर्गिक रोपे.

13. कुंपण घातल्यापासून शेजारचा तुकडा अधिकच उजाड झाला. आता तुलना कशी करावी?

हा सापळा फार वेळा दुर्लक्षित राहतो. आतली चराई थांबली तरी शेळ्यांची संख्या तीच राहते, त्यामुळे भार बाहेर सरकतो. आतला तुकडा सुधारतो, बाहेरचा खालावतो, आणि दोघांतला फरक आपल्या कामापेक्षा मोठा दिसतो. अशा वेळी आणखी एक, कुंपणापासून दूरचा तुकडा मोजणीत घ्यावा आणि जवळच्या तुकड्याची घसरण अहवालात स्वतंत्रपणे, न लपवता सांगावी. गावासाठी तो तुकडा म्हणजे कोणाच्या तरी शेळ्यांचा चारा आहे. चराईबंदीपेक्षा आळीपाळीने चराई आणि कापून नेण्याची मुभा अधिक न्याय्य ठरते, आणि तिचा परिणामही मोजता येतो: कापलेल्या गवताचे भारे मोजून त्यांचे वजन लिहावे.

14. किती वर्षे मोजावे? पाच वर्षांत काहीच फरक दिसला नाही तर?

गवताचा बदल दोन-तीन पावसाळ्यांत दिसतो, झुडपांना पाच-सात वर्षे लागतात, झाडांना त्याहून जास्त. मातीतला सेंद्रिय कर्ब इतका हळू बदलतो की तो दर पाच वर्षांनी, वरच्या 30 सेंटिमीटर थरात, मातीच्या घनतेसह मोजला तरी पुरे. फरक दिसला नाही तर आधी रेषा पुरेशा होत्या का ते तपासावे (प्रश्न 6), मग रात्रीची चराई आणि वणवा यांची चौकशी करावी, आणि तरीही काही निघाले नाही तर तसेच प्रसिद्ध करावे. दुसऱ्या मंडळाचे पाच पावसाळे त्यामुळे वाचतील.

15. आमच्या टेकडीचा आकडा देशाच्या आकड्यांशी जोडता येतो का?

थेट नाही. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या नकाशासंग्रहानुसार 2018-19 मध्ये देशातली 9 कोटी 78 लाख 50 हजार हेक्टर जमीन, म्हणजे 29.77 टक्के, ऱ्हास पावलेली होती, आणि 2030 पर्यंत 2 कोटी 60 लाख हेक्टर पूर्ववत करण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. वनसर्वेक्षणात एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर झाडांच्या छत्राची घनता 10 टक्के असली की ती जागा वनाच्छादनात धरली जाते, मग तेथे फळबाग असो की वेडी बाभूळ. गवताळ माळ त्या गणनेत सावरूनही दिसणार नाही. म्हणून आपल्या मोजणीचा निकष त्या आकड्यांवरून ठरवू नये.

16. दहा वर्षांनी तीच रेषा पुन्हा सापडेल याची खात्री कशी करावी?

मोबाइलवरचा जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, तेवढ्यावर विसंबू नये. लोखंडी खुंट दिसला की तो भंगारात जातो. आमचे पहिले सगळे खुंट एका हिवाळ्यात नाहीसे झाले. आता आम्ही रेषेच्या दोन्ही टोकांना वीतभर खोल सळईचा तुकडा पुरतो, त्यावर सपाट दगड ठेवतो आणि माती लोटतो. मग जवळच्या तीन न हलणाऱ्या खुणांपासून, म्हणजे खडकाचा कोपरा, जुना वड किंवा विजेचा खांब यांपासून, फितीने अंतर मोजून वहीत रेखाटन करतो आणि त्याच जागेवरून क्षितिज दिसेल असे छायाचित्र काढतो. वहीची एक प्रत गावात राहते. छायाचित्रात मागची टेकडी जुळली आणि तिन्ही अंतरे जुळली की खुरप्याने दोन-तीन ठिकाणी टोचताच दगडाचा आवाज येतो.